उघडा नळ

ताईच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. दाराचं कुलूप शाबूत होतं, पण आतलं कपाट फोडलेलं. पैसे, लॅपटॉप जागच्या जागी. गेली होती फक्त हार्ड डिस्क.

धर्म आणि सरकार वेगळं ठेवा, बायकांना माणसासारखं जगू द्या, एवढं बोलली म्हणून ताईला तिच्या देशातून हाकललं होतं; आता ती इथं परक्या देशात राहत होती. डिस्कवर तिकडच्या बायकांनी उघड्या चेहऱ्यानं दिलेल्या साक्षी होत्या.

"डिस्क तिकडे पोहोचली, तर एकेकीला घरातून फरफटत नेतील," ताई म्हणाली.

"किल्ली कुणाकडे असते?" फौजदारबाईंनी विचारलं.

"भावाकडे. तो नुकताच आलाय. आणि आमच्या निर्वासितांच्या समितीच्या चिटणीसांकडे."

भाऊ तर विचारताक्षणीच उखडला.

"तिचं मला पटत नाही, तोंडावर सांगतो. तिच्या चळवळीच्या वाऱ्यालाही मी कधी उभा राहिलो नाही. पण चोरी?"

चिटणीसांनी फौजदारबाईंना समितीच्या कचेरीतल्या बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि आवाज खाली आणला.

"सांगायला जीभ रेटत नाही. पण भावावर लक्ष ठेवा."

"नळ कशाला सोडलात?"

"तिकडची सवय. सरकारची माणसं आमच्या खोल्यांतलं चोरून ऐकायची. पाण्याच्या आवाजात बोललेलं कळत नाही."

फौजदारबाईंनी मान डोलावली. मनात मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

संध्याकाळी तिघांनाही त्यांनी चौकीत समोर बसवलं.

"चोराला पाणी सांडायचं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "त्याला फोन करायचा होता. डिस्क मिळताच त्यानं सवयीनं नळ सोडला आणि घाईत तसाच ठेवून गेला. खाली भांडी होती, बेसिन तुंबलं. ही सवय चळवळीतल्या माणसाची, भावाची नव्हे. चिटणीस, त्याच वेळी तुमच्या फोनवरून तुमच्या देशाच्या वकिलातीत फोन गेलाय. डिस्क आत्ताच तुमच्या टेबलाच्या खणात सापडली. उद्या देणार होतात ना?"

चिटणीसांनी मान खाली घातली. "मला परत येऊ देणार होते. घरी जायचं होतं, ताई."

"घरी मलाही जायचंय," ताई म्हणाली. आजवर ती त्यांना अहोजाहो करायची. "बायकांच्या नावानं भाषणं ठोकलीस, टाळ्या घेतल्यास, आणि वेळ आल्यावर त्यांनाच विकायला काढलंस."

तिनं हात पुढे केला.

"माझ्या घराची किल्ली दे."