सत्यवान अजून उठला नाही

भुतांवर माझा विश्वास नाही. तरीही हे घडलंय.

साल १९८८. आचऱ्यातलं आमच्या आंबा सोसायटीचं ऑफिस. वेळ भर दुपारची. आमच्याकडे भुतानंसुद्धा ऑफिसची वेळ पाळली.

युनिक्सचा कॉम्प्युटर आला तेव्हा शिकायला पुण्याला धाडलं सत्यवानाला. मला नाही. टायपिस्ट आम्ही दोघेही. पण तो परतला तो मशीनचा मालक होऊन.

मशीन सुरू करताना शिपाई जयरामनं नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. सत्यवानानं सांगितलं तसं.

"ह्यां मशीन, ही खुर्ची सत्यवानाची. दुसरो कोण बसलो तर तेका उठय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा. पोटात जळत असलं की आवाज चढतो.

पावसाळ्यात सत्यवान काविळीनं गेला.

खुर्ची मला मिळाली. साहेबांची अट एकच. संध्याकाळपर्यंत बागायतदारांच्या हिशेबाची फ्लॉपी उघडून दाखवा, नाहीतर मुंबईहून माणूस आणतो.

मी बसलो. फ्लॉपी घातली. वाचण्याआधी ती मशीनला जोडावी लागते, माउंट करावी लागते. सत्यवानाच्या वहीत बघून तशी आज्ञा दिली.

डिव्हाइस बिझी.

म्हणजे कुणीतरी ती आधीच धरून बसलंय...

युनिक्समध्ये फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा एक फाइलच असते, आमच्या सोसायटीत प्रत्येक माणूस असतो तशी. ती फाइल तपासली. जागेवर होती. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

बिझी.

फ्लॉपी बाहेर काढली. ड्राइव्ह रिकामा...

आणि त्याचा दिवा लागला.

खर्र... खर्र...

आत कोण कोण आहे, असं मशीनला विचारता येतं. विचारलं. दोन नावं आली. एक माझं.

दुसरं सत्यवानाचं.

मी ताडकन उठलो.

खरखर थांबली. फ्लॉपी घालून उभ्यानंच आज्ञा दिली. जोडली गेली!

"जयराम, ते गाऱ्हाणं फिरव रे!"

"तो गेलो तेव्हाच फिरवलंय, भाऊ. देवान सोडल्यान. सत्यवान सोडणा नाय."

नोकरी टिकली. वर्षभर मी उभ्यानं काम केलं. साहेबांना ती निष्ठा वाटली.

मग विमला आली. नवी टायपिस्ट, तीही पुण्याला शिकून आलेली. सरळ त्या खुर्चीत बसली. मी दारात उभा. सत्यवान हिला आता उठवील, म्हणून वाट बघत. पोटात तीच जुनी जळजळ.

"भाऊ, ह्यां बिझी सांगता."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"आत दुसरां नाव कोणाचां दिसता, गो?" जयरामनं विचारलं.

तिनं मशीनला विचारलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"भाऊंचां."

मी त्या दिवशी मशीनला हातही लावला नव्हता.

खर्र... खर्र...

"भाऊ, उठा मा आता," ती हसत म्हणाली.

मी तर उभाच होतो.