मावशीची दोन बोटं

समन्स घेऊन माणूस आला तेव्हा मी शर्टाची कॉलर कापत होतो. सही केली, कागद खिशात घातला आणि पुन्हा कात्री हातात घेतली. जायचं तर होतंच.

आमच्या जुन्या शिवणखान्याला आग लागली, त्यात माझी मावशी गेली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते लावताना मी पाहिलं होतं. मालक म्हणत, दार उघडंच होतं. बाकीच्या कारागिरांनी तोंडाला कुलूप घातलं. उरलो मी, आणि मी पडलो तोतरा.

मावशीनंच मला वाढवलं. शब्द अडला की ती पाठीमागे यायची आणि दोन बोटांनी पाठीवर हळूच टकटक करायची. म्हणायची, "घाई नाही राजा. गाडी सुटत नाहीये." की शब्द आपोआप बाहेर.

भरदुपारी माझ्या नावाचा पुकारा झाला. पिंजऱ्यात उभा राहिलो. वर पंखा कुरकुरत होता.

मालकांच्या वकिलानं विचारलं, "कुलूप होतं म्हणता. लावलं कुणी?"

"मा... मा... मा..."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"सावकाश," वकील म्हणाले. "संध्याकाळपर्यंत आहोत आम्ही."

घामानं तळवे कठड्याला चिकटले. आणि मग वास आला... मशीनच्या तेलाचा, तापलेल्या इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा. पाठीवर टक... टक. दोन बोटं, गार. मी वळलो नाही. वळलो असतो तर ती निघून गेली असती, असं वाटलं.

"मालकांनी," मी म्हणालो. "माझ्यासमोर. किल्ली त्यांच्याच खिशात होती."

पुढचं सगळं सांगितलं. एकदाही अडलो नाही.

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "त्या बाईंना खाली बसायला सांगा. साक्षीदारानं एकट्यानं बोलायचं असतं."

शिपाई इकडेतिकडे बघत राहिला. "कुठल्या बाई, साहेब?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून हळूच म्हणाले, "असू दे... उभ्या राहू देत."

मालकांना शिक्षा झाली. हल्ली मी घडाघडा बोलतो, बायको खूश आहे. फक्त दुकानात गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. खांद्यामागे बघतात आणि मान डोलावतात. परवा एकजण माप देऊन निघाला, दारात थांबला, आणि तिकडेच बघून म्हणाला, "येतो हं, मावशी..."