पुसलेला गाल

"मावशी, मला तोतया ठरवलंय. लगेच ये."

भाचीचा फोन आला तेव्हा मावशी झाडांना पाणी घालत होती. पोलिसातून निवृत्त झाली होती, तरी 'लगेच ये' म्हटलं की तिचे पाय आपसूक चपला शोधत.

भाची पूल तपासणारी इंजिनिअर. डाव्या गालावर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग. नव्या कंपनीच्या मुलाखतीत साहेबांनी नोकरीच्या साइटवरचं तिचं प्रोफाइल समोर धरलं आणि विचारलं, "ही बाई कोण?" फोटोतला गाल नितळ होता. फसवणुकीचा ठपका ठेवून तिला परत पाठवलं.

"मी लावलेला फोटो हा नाहीच," भाची म्हणाली. "स्वतःच्या प्रोफाइलकडे रोज कोण बघतं?"

तिने जुना फोटो काढून दाखवला. दोन्हीत तोच शर्ट, मागे तोच पुलाचा कठडा. जुन्यात हेल्मेट डोक्यावर होतं, नव्यात काखेत.

"काखेतला फोटो तुझ्याकडे आहे?"

"नाही. मी तो कधी पाहिलाच नव्हता."

"त्या दिवशी पुलावर कोण होतं?"

"आमचे मॅनेजर. आणि दादा न्यायला आला होता. दोघांनीही फोटो काढले."

"तुझं प्रोफाइल कोण उघडू शकतं?"

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते उघडंच असतं. आणि सुरू करून दिलं होतं दादाने."

मावशीने आधी मॅनेजरला गाठलं. "तिच्या प्रोफाइलचा फोटो कोणीतरी बदललाय," एवढंच म्हणाली.

"बदललाय? कोणता लावलाय?"

"ती सोडून जाणार हे तुम्हाला रुचलं नसेल."

"नाहीच रुचलं. असं माणूस कोण हातचं जाऊ देईल? पण पाय ओढायचा असता, तर त्या कंपनीने चौकशी केली तेव्हाच नावं ठेवली असती."

संध्याकाळी भाचीला घेऊन ती दादाकडे गेली. तेच वाक्य बोलली, एक शब्द जास्त नाही.

"मॅनेजरचंच काम," दादा म्हणाला. "आणि एवढं बिघडलं काय? हेल्मेट काखेत घेऊन किती रुबाबदार दिसते."

भाचीने चमकून मान वर केली.

"हेल्मेटचं मी बोललेच नाही," मावशी म्हणाली. "मॅनेजरने आधी विचारलं, कोणता लावलाय? तू विचारलं नाहीस. बरं, प्रोफाइलवर पाहिला असशील म्हणावं, तर बहिणीचा डाग गायब झालेला पाहून गप्प कसा बसलास? हा फोटो तिच्याकडे कधी नव्हताच. काढणाऱ्याकडेच असणार. फोन दे."

दादाने फोन दिला. हेल्मेट काखेत, गालावर डाग. मूळ फोटो तिथेच होता.

"हिला कुठूनच बोलावणं येत नव्हतं," तो पुटपुटला. "फोटो बदलला आणि आलं. तिच्या भल्यासाठीच केलं."

"बोलावणं माझ्या कामाला आलं की त्या गालाला, हे आता मला कधीच कळणार नाही," भाची म्हणाली. "ते तू हिरावलंस."

"मग फोटोच लावू नकोस."

"का? पुलावर चढते ती याच तोंडाने. फोन घे आणि आत्ता काढ. डाव्या बाजूने."

मावशीने फोन त्याच्या हातात ठेवला. दादाने फोटो काढला.

तोच फोटो लागला. दादाने कंपनीला आपली करणी स्वतः कळवली आणि भाचीला पुन्हा बोलावलं गेलं. मावशी बाहेर बाकावर बसली होती. दार लागण्याआधी तिला भाचीचा आवाज ऐकू आला.

"बसते. पण आधी चेहरा नीट पाहून घ्या. मग पुलांबद्दल बोलू."