कपाटामागची खिडकी

दुपारची गोष्ट आहे. रात्रीची नाही.

हे आधीच सांगते, कारण असं काही ऐकलं की लोक म्हणतात, अंधारात माणसाला काय वाट्टेल ते दिसतं. इथे अंधार नव्हता. मार्चमधला रविवार होता, लालबागसारखी गजबजलेली जागा होती, आणि खाली गल्लीत मसाल्याचं कांडप धडधडत होतं.

हे झालं माझ्या मामेबहिणीच्या, क्षितिजाच्या बाबतीत. तिने मला स्वतः सांगितलं. घोडपदेवला आमच्या चाळीतल्या घरी, माझ्यासमोर बसून. सांगता सांगता ती मधेच उठून दाराची कडी बघून आली होती.

क्षितिजा मुळात संशयी. कोथिंबिरीची जुडी घेतली तरी दोरा सोडून आतली पानं बघणार. नाशिकला एका घरमालकाने ओल आलेल्या भिंतीवर नवा रंग मारून तिच्या गळ्यात घर मारलं होतं. तेव्हापासून कुठलंही घर बघायला गेली की ती आधी भिंतीला तळहात लावून बघते.

तिचा नवरा शंतनु बँकेत आहे. त्याची बदली वरळीच्या ऑफिसला झाली आणि बिऱ्हाड मुंबईला हलवायचं ठरलं. बिऱ्हाड म्हणजे ही दोघं आणि सात वर्षांची मनवा. घर शोधायला क्षितिजा एकटीच पुढे आली आणि माझ्याकडे उतरली.

वरळीचं भाडं झेपेना. परळला घर चांगलं होतं, पण शेजारपाजार म्हणून काही नाही, सगळी दारं बंद. आमच्या इथे तिला माणसं आवडली, खोल्या मात्र लहान वाटल्या. मग लालबागचं एक घर समजलं. मनवाची शाळा चालत जाण्यासारखी. शंतनुला ऑफिसला एकच बस.

"ताई, एरिया मस्त आहे," ती मला फोनवर म्हणाली. "पण घर जरा जास्तच चांगलं आहे गं. मला शंका येतेय."

मी हसले. ही हिची सवयच.

तिथे पूर्वी तीन मजली चाळ होती. ती पाडून टॉवर झाला. पुढची विंग विकायची आणि मागची चाळीतल्या जुन्या लोकांची. हे घर मागच्या विंगेत, तिसऱ्या मजल्यावर होतं. मालक पुण्याला. दाखवायला हितेंद्र नावाचा एजंट आला होता.

हॉल चांगला. किचनमध्ये उजेड. बेडरूममध्ये मात्र लाइट लावावी लागली. गल्लीकडच्या भिंतीला एक भलंमोठं सागवानी कपाट उभं होतं. भिंतीपेक्षा थोडंसंच लहान.

"हे इथून हलवता येईल ना?"

"नको मॅडम, ते राहू द्या," हितेंद्र म्हणाला. "ओनरची तेवढी एकच कंडिशन आहे. बाकी तुम्ही काहीपण करा."

तो बेडरूमच्या उंबऱ्याबाहेरच उभा होता. सगळ्या घरात फिरला, इथे आत आला नाही.

क्षितिजाने कपाटाच्या कडेने हात घालून भिंत चाचपली. ओल नव्हती. भिंत कोरडी होती.

आणि मग कपाटाच्या मागून...

खट... खट... खट...

लाकडावरून कुणीतरी चपला घालून चालावं, तसा आवाज.

"हे काय?"

"वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चाललंय बहुतेक."

पण आवाज वरून नव्हता. डावीकडून आला, कपाटामागून सरकत गेला आणि उजवीकडे विरला. कुणीतरी भिंतीपलीकडून चालत गेल्यासारखा. आणि त्या भिंतीपलीकडे गल्ली होती. तीन मजले खाली.

बाहेर पडताना शेजारचं दार उघडं होतं. एक म्हाताऱ्या बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सरोजिनीकाकू. जुन्या चाळीतल्या. त्यांनी आपणहून बसायला पाट पुढे केला. लालबागची हीच तर गंमत, क्षितिजाला बरं वाटलं.

"पोरं किती?"

"एकच मुलगी. सात वर्षांची."

काकूंचा सुपातला हात थांबला.

"मग वरचा मजला बघ ना बाय. चौथ्यावर पण एक खोली रिकामी आहे."

"का हो काकू? इथे काही आहे का?"

"छे गं. वर वारा चांगला येतो." आणि त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. वर बघेचनात.

खाली उतरल्यावर क्षितिजा गल्लीत उभी राहिली आणि तिने वर पाहिलं.

चौथ्या मजल्याच्या खिडक्यांना ग्रिल होती. त्यात तुळशीच्या कुंड्या, वाळत घातलेले टॉवेल. पाचव्यालाही तसंच. दुसऱ्यालाही तसंच.

तिसऱ्या मजल्याला ग्रिल नव्हती. एकाही खिडकीला नव्हती.

आणि प्रत्येक काचेच्या आत प्लायवुड दिसत होतं. कपाटांच्या पाठी. एका घराच्या नाही... अख्ख्या मजल्याच्या.

तिने शंतनुला फोन केला. तो म्हणाला, "अगं, गल्लीचा आवाज येत असेल, मसाल्याचा खाट येत असेल, म्हणून लावली असतील कपाटं. रविवारी आम्ही येतोच आहोत. बघू."

रविवारी तो आणि मनवा आले. शंतनुला घर एकदम पसंत पडलं. तो हितेंद्रशी चावी कधी मिळेल याच्या गोष्टी करायला लागला. पण क्षितिजा अडून बसली. कपाटामागे काय आहे ते बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही.

हितेंद्र म्हणाला, "मॅडम, कशाला?"

"कशाला म्हणजे? राहायचं आम्हाला आहे."

शेवटी शंतनुनेच खांदा लावला. कपाट रिकामं होतं. कुरकुरत हातभर बाजूला सरकलं, मग अजून थोडं, आणि खोलीत भसकन ऊन आलं.

मागे खिडकी होती. चांगली रुंद, सरकत्या काचांची.

शंतनु म्हणाला, "झालं समाधान? खिडकी आहे साधी. उलट छान उजेड येतो."

क्षितिजा मात्र काचेकडे बघत होती. बिल्डिंग होऊन बरीच वर्षं झाली होती. खाली रात्रंदिवस रहदारी, मसाल्याची भुकटी. काच बाहेरून मातकट झाली होती, जशी व्हायला हवी तशी.

फक्त मधोमध एक गोल स्वच्छ होता. ताटाएवढा.

बाहेरून पुसलेला. कुणीतरी पदराने काच पुसून आत डोकवावं, तसा...

तिने काच सरकवली. खाली वाकून बघितलं. ना सज्जा, ना पाइप, ना पाय ठेवायला जागा. सरळ खाली गल्ली. लाल मिरच्यांची पोती, एक उभी टॅक्सी.

तेवढ्यात शंतनुने हाक मारली. "क्षितिजा, किचनमधला नळ बघून घे गं." ती वळली. मनवाला म्हणाली, "खिडकीजवळ जायचं नाही हं."

ती दोन मिनिटंसुद्धा किचनमध्ये नव्हती, असं ती अजून सांगते. नळ सोडला, बंद केला. आणि तिच्या लक्षात आलं...

कांडपाचा आवाज थांबला होता. टॅक्सीचे हॉर्न नाहीत. काहीच नाही. रविवारी दुपारी, लालबागमध्ये.

त्या शांततेत बेडरूममधून मनवाचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी बोलत होती.

"नाही, आम्ही नाशिकचे... हो, आवडलं ना... माझी आई हो म्हणत नाहीये."

क्षितिजा दारात आली. खोलीत मनवा एकटीच होती. खिडकीपाशी उभी.

"कुणाशी बोलतेस?"

"आजींशी."

"कुठे आहेत आजी?"

"गेल्या पुढे. बादली ठेवून येतात म्हणाल्या."

क्षितिजा पुढे जाणार, एवढ्यात तिची नजर फरशीवर गेली. खिडकीतून आलेलं ऊन तिथे चौकोनी पडलं होतं.

त्या उन्हातून एक सावली गेली.

माणसाची. डावीकडून उजवीकडे. सावकाश.

खट... खट... खट...

मग दुसरी. हिच्या हातात काहीतरी होतं. मग एक लहान, धावत गेलेली. तिच्यामागे अजून एक लहान.

खिडकीत कुणी नव्हतं. नुसतं आभाळ होतं. आणि खाली फरशीवर माणसं येत होती, जात होती.

क्षितिजा दारातच उभी राहिली, एकेक सावली बघत. 

मग एक सावली उजवीकडून परत आली. खिडकीसमोर आली...

आणि थांबली.

"आजी आल्या," मनवा म्हणाली. "आई, त्या म्हणतात गॅलरीत ये. सगळी मुलं खेळतायत."

असं म्हणत तिने गुडघा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दुसरा पायही उचलला. तिचा डावा हात बाहेर होता. पण तो लोंबत नव्हता. आडवा होता, ताठ. मनगटाला कुणीतरी धरल्यासारखा.

तेव्हा कुठे क्षितिजाच्या अंगात जीव आला. तिने झेप घेतली आणि मनवाला कमरेला धरून मागे ओढलं.

मनवा आली नाही.

सात वर्षांची हडकुळी पोर. एरवी ही तिला एका हाताने उचलते. दोन्ही हातांनी ओढतेय आणि ती जागची हलत नाही. पलीकडून कुणी हिसका देत नव्हतं. नुसतं धरून ठेवलं होतं. शांतपणे.

क्षितिजा म्हणते, तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सोडा हो. आम्ही नाही इथे राहणार."

आणि हात सुटला.

दोघी मागे फरशीवर आपटल्या. त्याच क्षणी कांडप पुन्हा धडधडायला लागलं. टॅक्सीचे हॉर्न, माणसांचा गलका, सगळं एकदम.

शंतनु धावत आला. "काय झालं? पडलात कशा?" त्याने कांडप थांबलेलं ऐकलंच नव्हतं. तो म्हणाला, सारखं चालू तर होतं.

क्षितिजाने मनवाचा हात पाहिला. मनगट ओलं होतं. गार. तिने ते नाकाशी नेलं. राखेचा वास येत होता. पूर्वी बायका राखेने भांडी घासायच्या, त्यांच्या हातांना यायचा तसा.

उंबऱ्यात हितेंद्र उभा होता. तो पहिल्यांदाच त्या खोलीत आला. कुणाकडे न बघता कपाटाला खांदा लावला आणि ते एकट्याने खिडकीवर सारलं. मग म्हणाला, "मी सांगितलं होतं मॅडम."

बाहेर पॅसेजमध्ये सरोजिनीकाकू दारात उभ्याच होत्या. जणू वाट बघत होत्या.

"कपाट सारलंत ना?"

क्षितिजाने मनवाला घट्ट कडेवर घेतलं होतं. "काकू, काय आहे तिथे? तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

काकूंनी मनवाच्या गालावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता. हे क्षितिजाला सगळ्यात विचित्र वाटलं. उलट त्या कौतुकाने बघत होत्या.

"हिला आमच्या जुन्या चाळीची गॅलरी दिसली होय," त्या म्हणाल्या. "आमच्या ध्रुवला पण दिसायची."

"ध्रुव कोण?"

"माझा नातू."

"कुठे असतो तो?"

 काकूंनी तशाच हसऱ्या चेहऱ्याने मनवाच्या गालावरचा हात काढून घेतला. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या मजल्यावरचं एक एक दार मग लागत गेलं. इतका वेळ ती सगळी उघडी होती, हे क्षितिजाला तेव्हा कळलं.

ते घर त्यांनी घेतलं नाही. पुढच्याच महिन्यात दादरला एक जागा मिळाली. पहिला मजला, तिन्ही बाजूंना दुसऱ्या इमारती, सगळ्या खिडक्यांना जाड ग्रिल. जुनी चाळ वगैरे तिथे कधी नव्हती, हे क्षितिजाने चार ठिकाणी चौकशी करून खात्री केली. शंतनु अजून म्हणतो, उन्हामुळे चक्कर आली असेल. मनवा शाळेत रमली. त्या दिवसाबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात विचारलं.

का विचारलं, ते तिलाही सांगता येत नाही. मनवा संध्याकाळी अभ्यासाला बसली होती. ही शेजारी भाजी निवडत होती. सहज तोंडून गेलं.

"मनू, त्या आजी तुला काय काय म्हणाल्या होत्या गं?"

मनवाने वहीतून मान वर केली नाही. "काही नाही. विचारत होत्या, इथे नाही राहणार तर मग कुठे राहणार."

"मग तू काय सांगितलंस?"

"तेव्हा आपलं घर कुठे ठरलं होतं? मी म्हटलं, नंतर सांगते."

क्षितिजाच्या हातातली गवार तशीच राहिली.

"मग?"

"मग सांगितलं."

"कधी?"

 मनवाने पट्टी घेतली, समास आखला आणि पुढचं गणित सोडवायला लागली.

त्यानंतर दोनच दिवसांनी क्षितिजा माझ्याकडे आली. तेव्हाच तिने हे सगळं मला सांगितलं. निघताना दारात थांबून म्हणाली, "ताई, आम्ही पुन्हा घर बघतोय. तुमच्या बाजूला आहे का गं एखादी जागा? लहान असली तरी चालेल. ओळखीची माणसं असली की बरं."

मनवा बाहेर आमच्या गॅलरीत उभी होती. कठड्याला टेकून, एका बाजूला बघत. त्या बाजूला आमची गॅलरी संपते. पुढे भिंत आहे.

मी म्हटलं, बघते.

आमच्या मजल्यावर शेवटून दुसरी खोली रिकामी आहे. मी तिला अजून कळवलेलं नाही.