त्याच्याकडची शाई

गुंडांच्या टोळ्या आणि त्यांना पकडणारे पोलीस यांच्या त्या संग्रहालयात मी शिरले ती बस चुकली म्हणून. आणि तिथली हातकडी मनगटात अडकवून बसले ती निव्वळ अतिशहाणपणामुळे! किल्ली घेऊन धावत आला तो तिथला गाईड. सावळा, उंच, ओठांत हसू दाबलेला.

"गुन्हा काय?" त्याने विचारलं.

"बस चुकली."

तो खळखळून हसला... आणि माझं कल्याण झालं.

त्यानंतर माझी बस फारच चुकायला लागली. कोणत्या टोळीने कुठली पेढी लुटली, कोणत्या खबऱ्याने कुणाला पकडून दिलं, सगळं मला पाठ झालं. मला तो हवा होता, पण तो काही बोलेना आणि मीही बोलेना. शेवटी वाटलं, घरच्या कुणाचं मत घ्यावं. म्हणून मामेबहिणीला घेऊन गेले. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

मामेबहीण देखणी, वर बोलघेवडी. जुन्या कोठडीत तिला भीती वाटली, फोडलेल्या तिजोरीपाशी नवल वाटलं आणि दर वेळी आधाराला त्याचीच बाही सापडली. तोही कसा अगदी हौसेने समजावत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटच्या खोलीत पाहुण्यांना त्यांच्या बोटांच्या ठशांचं कार्ड आठवण म्हणून मिळतं. माझे ठसे घ्यायचं मात्र तो कायम टाळायचा. म्हणायचा, शाई संपलीय. आज शाईचं पॅड भरलेलं! त्याने तिचं एकेक बोट धरलं, शाईवरून कार्डावर अलगद फिरवलं. बोट सैल सोडा म्हणे, फिरवायचं काम माझं. ती लाजली. मी दातओठ खात उभी.

"आज बरी शाई मिळाली," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

त्याचा चेहरा उतरला. त्याने माझा अंगठा धरला, फिरवला... ठशाचा फराटा झाला. नवं कार्ड घेतलं. तेही बिघडलं. शेजारी बहिणीचे ठसे कसे लख्ख उमटलेले!

"तिचे एका दमात उमटले," माझा आवाज चिरकला. "माझ्याच बोटांत काय खोट आहे?"

"बोटांत नाही..." तो कार्डाकडेच बघत म्हणाला. "माझा हात थरथरतोय. तुझा हात धरला की असं होणार, ते मला ठाऊक होतं. म्हणून तर शाई संपायची."

मामेबहिणीने आपलं कार्ड उचललं, "ताई, मी बाहेर आहे गं," म्हणाली आणि जाता जाता मला एक चिमटा काढून गेली.

तो ओशाळून माझा हात सोडायला लागला. मी सोडू दिला नाही. काळ्या बोटांनी त्याचीच बोटं घट्ट धरली.

"अजून एक कार्ड काढ," मी म्हणाले.

"तेही बिघडेल."

"बिघडू दे की."