डावीकडची झीज

अपघात झालेल्या गाडीचा मालक खरं बोलतोय की नाही, हे गाडीवरून ओळखणं हा माझा धंदा आहे. विम्याच्या दाव्यांची तपासणी करते मी. चिखलीत माझं छोटंसं ऑफिस आहे. मेहकर, डोणगाव, देऊळगाव राजा, कुठेही काम निघालं तरी मी माझ्या मोटारसायकलवरच जाते. गाडीची मला भीती नाही. पण रेसच्या ट्रॅकवर ती मी त्या मे महिन्यापर्यंत कधी घातली नव्हती.

बोलावलं सुचितानं. सुचिता माझी मावसबहीण. तिचं सासर अमडापूरचं, घरची जमीन मोठी. त्यातला गावाबाहेरचा एक मुरमाड माळ होता, कधी काही न पिकलेला. त्यावर तिच्या नवऱ्यानं, अविनाश भाऊजींनी, मोटारसायकलच्या शर्यतीसाठी डांबरी ट्रॅक करून घेतला होता. पावसाळ्यानंतर तो सगळ्यांसाठी खुला करायचा, शहरातली हौशी पोरं सुटीला येतील, असा त्यांचा बेत होता. गावातले लोक त्याला रिंगण म्हणत.

"अपेक्षा, एकदा इकडं ये वं," सुचिता फोनवर म्हणाली. "गाडी घेऊन ये."

"काऊन? काय झालं?"

"फोनवर नाही सांगत. ह्यायले सांगजो, ट्रॅकवर गाडी चालवून पाहाची हाये म्हणून."

मी शनिवारी संध्याकाळी पोचले. ती गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. माझ्या हातात एक सूप देऊन ती पुन्हा खाली बसली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"मी दुपारी डबा घेऊन जातो तिकडं. शेडमधून सारं रिंगण दिसते. फक्त टेकडीमागचा तुकडा दिसत नाही. हे टेकडीमागं जातात अन् लवकर निघतच नाहीत."

"थांबत असतील. फोनवर बोलत असतील."

"फोन शेडमधी ठेवलेला रायते. अन् गाडी बंद नाही होत, अपेक्षा. आवाज येतच रायते. फक्त लांबून येते. लय लांबून."

"मंग तुले काय वाटते?"

तिनं एक मोडकी कुरडई वेगळी काढली. "बाई असन कोनी. दुसरं काय असनार? लग्नाचा मानूस रोज उन्हात एकटा फिरते, घरी आला की जेवत नाही, बोलत नाही. मी दोनदा पायी जाऊन पाह्यलं. मले काही दिसलं नाही. तू गाडीवर मागं जाय."

मलाही तेच वाटलं. बाई नाहीतर बाटली. माझ्याकडे येणाऱ्या खोट्या दाव्यांत निम्मे यातलेच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी उठायच्या आधी मी एकटीच माळावर गेले. ट्रॅक म्हणजे एक वेडावाकडा गोल होता. त्याच्यावर एकाच दिशेनं जायचं, आणि सगळी वळणं उजवी. शेडसमोरून लांब सरळ पट्टा निघत होता, त्याच्या शेवटी उघडीबोडकी टेकडी. डांबर तिला वळसा घालून पलीकडून परत येत होतं.

मी टेकडीमागचा तुकडा सावकाश चालून पाहिला. तिथे लपायला काही नव्हतं. झाड नाही, खोपटं नाही, विहीर नाही. डांबराच्या पलीकडे पाच-सात हात मुरूम, मग काटेरी तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे नांगरून ठेवलेलं सपाट रान पार क्षितिजापर्यंत. कुंपणाची तार कुठे तुटलेली नव्हती. डांबर नवं होतं आणि चांगलं बसलेलं होतं.

एकच गोष्ट मला खटकली. टायरचे काळे पट्टे सगळे उजव्या वळणाबरोबर जात होते. पण एके ठिकाणी काही पट्टे डावीकडे वळले होते. तेही एकदाच नाही. एकावर एक, रोजच्या वहिवाटीसारखे. ते डांबराच्या कडेशी येऊन थांबत होते. मी मुरमावर उकिडवी बसून पाहिलं. पुढे चाकाची खूण नव्हती. खडे हललेले नव्हते. त्या वेगानं तिथून उतरलेली गाडी कुंपणात गेली असती, किंवा निदान आडवी पडली असती.

मी शेडमध्ये परतले आणि भाऊजींच्या गाडीचं मागचं टायर बघितलं. उजव्या वळणांच्या ट्रॅकवर टायर उजवीकडे झिजतं. गाडी त्या बाजूला कलते, त्याला इलाज नाही. हे टायर डावीकडे झिजलं होतं. उजवी बाजू जवळजवळ कोरी होती.

"काय पाहून राह्यली?" मागून भाऊजींचा आवाज आला. ते हेल्मेट हातात घेऊन दारात उभे होते. वर्षभरात बरेच वाळले होते, पण चेहरा हसरा होता.

"टायर. डावीकडून काऊन झिजलं भाऊजी?"

"हवा कमी-जास्त झाली असन."

हवा कमी झाली तर टायर दोन्ही कडांनी झिजतं. हे मला माहीत आहे, आणि ज्या माणसानं ट्रॅक बांधला त्याला माहीत नसेल हे शक्य नव्हतं. पण खोटं बोलणाऱ्याला मी पहिल्यांदा कधीच अडवत नाही.

त्यांनी मला जाड जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांचं कवच दिलं. माझ्या गाडीचे आरसे काढून ठेवले. "ट्रॅकवर मागं पाहाचं नसते," ते म्हणाले. "ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरली की ब्रेक सोड. अन् जिथं जायचं तिथं पाहाजो. जिथं पाहाशीन तिथं गाडी जाईन."

सुचिता डबा घेऊन आली होती. शेडमधल्या खुर्चीत ती हात पोटाशी धरून बसली. ऊन चढत होतं.

पहिली चक्कर मी घाबरत घाबरत मारली. रस्त्यावरची सवय अंगातून जात नाही. मी सरळ पट्ट्यावर उगाच गतिरोधक शोधत होते, वळणापलीकडून ट्रॅक्टर येईल म्हणून हॉर्नवर अंगठा ठेवून होते. भाऊजी माझ्या मागे राहून हातानं खुणावत होते, अजून, अजून. दुसऱ्या चकरेत मी जरा सैल झाले. तिसऱ्या चकरेत टेकडीच्या वळणावर गाडी इतकी कलली की डांबर गुडघ्याशेजारून वाहत गेलं, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले. समोरून कुणी येणार नाही, हा केवढा मोकळेपणा असतो ते मला त्या दिवशी कळलं. टेकडीमागे काहीही नव्हतं. तार, मुरूम, नांगरलेलं रान. मी कशासाठी आले हेसुद्धा क्षणभर विसरले.

शेडपाशी थांबून आम्ही पाणी प्यायलो. भाऊजींना घाम आलेला नव्हता.

"आता मी पुढं निघतो," ते म्हणाले. "माही लाइन पाह्य, मी कुठून वळतो ते. पण टेकडीपाशी हळू करजो. तिथं माह्या मागं येजो नको."

"काऊन?"

"डांबर उखडलं हाये तिकडं."

हे दुसरं खोटं. मी सकाळी तिथे चालले होते. नुकतीच तीनदा तिथून गाडीही नेली होती. मी सुचिताकडे बघितलं. तिनं मान अगदी थोडी हलवली.

सरळ पट्ट्यावर मी त्यांच्या बरंच मागे राहिले, त्यांना वाटावं मी ऐकतेय म्हणून. टेकडी जवळ आली तशी मी वेग वाढवला. ते टेकडीआड गेले, आणि त्यांच्या मागोमाग मीही. त्यांची पाठ, निळं जॅकेट, मागचं चाक, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी त्यांच्यावर नजर ठेवली होती. नजर ठेवायलाच आले होते.

ते डावीकडे कलले.

मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून माझी गाडीही डावीकडे कलली. कुंपण येणार, हे मला कळलं. ब्रेक दाबायला बोटं पुढे गेली.

कुंपण आलं नाही.

डांबर पुढे जात होतं. उतरत होतं. त्या माळावर उतार नाही, सगळा माळ परातीसारखा सपाट आहे. तरी गाडी उताराला लागली होती आणि मला पोटात ते जाणवत होतं. वळण संपत नव्हतं. डावीकडे, अजून डावीकडे. ऊन गेलं. ढग आला असं नाही. नुसतं ऊन नव्हतं. जॅकेटच्या बाह्यांतून गार हवा आत शिरली. बंद पडलेल्या घराचं दार उघडल्यावर येतो तसा वास आला. माझ्याच इंजिनाचा आवाज मला लांबून ऐकू येऊ लागला.

मग माणसं दिसली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती मांडी घालून बसली होती. एका पंगतीत बसावं तशी, खांद्याला खांदा लावून. बायका होत्या, पुरुष होते. काही जुन्या पद्धतीच्या फेट्यात, काही साध्या शर्ट-पँटमध्ये. समोर पान नव्हतं, ताट नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. कुणी हात केला नाही, कुणी दचकलं नाही. मला वाटलं ती माझ्याकडे बघताहेत. तसं नव्हतं. ती माझ्या मागे बघत होती. माझ्यामागून अजून कुणी येतंय का, ते.

डावीकडच्या रांगेत एक जागा मोकळी होती.

भाऊजींनी तिथे गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. घरी आल्यावर माणूस काढतो तसं, सावकाश.

"भाऊजी!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं. चेहऱ्यावर राग नव्हता, चोरी पकडली गेल्याची लाजही नव्हती. मला शब्द ऐकू यायला नको होते, हेल्मेट होतं, इंजिन होतं. पण ऐकू आले.

"तू जाय. पाहू नको इकडं."

ते त्या जागेत बसले. शेजारच्यांनी जराही सरकून जागा केली नाही. करायची गरज नव्हती.

मी थांबले नाही. थांबायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही.

मी नजर उचलली. जिथे बघशील तिथे गाडी जाईल. समोर अंधुक रस्ता होता, आणि त्याच्या टोकाला नखाएवढं ऊन. मी त्या उन्हाकडे बघितलं. दुसरीकडे कुठेही बघितलं नाही.

झळ तोंडावर आली. तार, मुरूम, नांगरलेलं रान. मी टेकडीच्या या बाजूला होते आणि समोर शेड दिसत होती.

सुचिता उन्हात येऊन उभी होती. मी गाडी स्टँडला लावली, पण हेल्मेटचा पट्टा निघेना. तिनंच तो सोडवला.

"कोन हाये ती?" तिनं विचारलं. "पाह्यली का तू?"

"बाई नाही सुचिता."

"मंग?"

काय सांगणार होते? इतकंच म्हणाले, "त्याइले आता इथं येऊ देजो नको. ट्रॅक मोडून टाका."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं टेकडीकडे बघितलं. आवाज येत होता. लांबून, खोल विहिरीत मोटर चालू असावी तसा. आम्ही दोघी उभ्या होतो आणि तो आवाज जवळ येत नव्हता, बंदही होत नव्हता. मी तिला सांगितलं नाही की मी भाऊजींना गाडीवरून उतरताना पाहिलंय. गाडी चालवतंय कोण, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

डब्यातलं वरण गार झालं. सुचितानं मला खाऊन घ्यायला सांगितलं, आणि मी नको म्हणाले.

मग आवाज एकदम जवळ आला.

गाडी टेकडीआडून बाहेर पडली. निळं जॅकेट. सरळ बसलेला माणूस. तो शेडपाशी आला, थांबला आणि त्यानं हेल्मेट काढलं. भाऊजीच होते. दाट भुवया, हनुवटीवरचा व्रण, सगळं जिथल्या तिथे. मी तो चेहरा तपासत राहिले, माझ्या धंद्यात तपासतात तसा, आणि मला एकही चूक सापडली नाही.

"लय भूक लागली," ते सुचिताला म्हणाले.

ती जागची हलली नाही. "कुठं होते?"

"कुठंच नाही. झालं आता. उद्यापासून गाडी बंद. ट्रॅक मोडून टाकतो, तू म्हनत होती तसं." ते हसले. "घरीच रायतो."

वर्षभर तिला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढे झाली.

मला आधार हवा होता, म्हणून मी त्यांच्या गाडीवर हात टेकला. तो चुकून इंजिनावर पडला. मी झटकन मागे घ्यायला गेले. मे महिन्याची दुपार, नुकतीच ट्रॅकवरून आलेली गाडी, कातडी सोलली असती. मग मी हात परत ठेवला. सायलेन्सरवर ठेवला. सगळं लोखंड गार होतं. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीचं असतं त्याहून गार.

मी वर बघितलं. भाऊजी डब्यापाशी बसले होते. सुचिता त्यांच्या शेजारी होती. तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, आणि थंडीतून आलेल्या माणसाचा चोळतात तसा ती तो चोळत होती. चोळता चोळता तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नको.