बाळाच्या नावाचा रकाना

टण्... टण्... टण्.

लोखंडी खाटेच्या दांड्यावर अंगठी आपटली की असा आवाज येतो. मी तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात शिपाई होतो. तिथली घंटी कायम बिघडलेली, म्हणून बायका दांड्यावर तीनदा वाजवून बोलवायच्या. वाजलं की मी उठायचो. त्या दुपारी मात्र चहा नुकताच कपात ओतला होता. "आलो, आलो," म्हणालो आणि चहा संपवून गेलो. गेलो तेव्हा बाळ रडत होतं आणि आई गप्प झाली होती.

ती परमुलखातली. तिची बोली कुणालाच कळायची नाही. दाखल होताना रजिस्टरात तिने आपलं नाव स्वतःच्या हाताने, आपल्या लिपीत लिहिलं होतं. मी फारसा शिकलेलो नाही, पण रजिस्टर मीच धरलं होतं. शेवटच्या अक्षराला खाली वळलेला आकडा होता, मासे धरायच्या गळासारखा. ती गेल्यावर कारकुनाने 'बाळाचं नाव' या रकान्यात आडवी रेघ मारली. मुलगी अनाथाश्रमात गेली. अंगठी बोटातून निघेना, ती आईबरोबरच मातीत गेली.

पुढे माझी बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. जुनी रजिस्टरं एका टायपिस्ट बाईने काँप्युटरवर चढवली. हिचं नाव तिने एकेक अक्षर शोधून जसंच्या तसं घातलं, आणि रेघेच्या जागी रेघ. नंतर तळघरात पाणी शिरून रजिस्टरांचा लगदा झाला. उरलं ते काँप्युटरमध्ये.

मग नवा प्रोग्रॅम आला. परक्या लिपीतलं नाव समोर आलं की तो कोसळायचा. पडदा काळा, काम ठप्प. हेडक्लार्कने यावर तोडगा काढला होता. "नाव काढा, टिंब घाला, पुढे चला." सगळ्यांचे हात तसेच बसले. किती माणसांची टिंबं झाली, देव जाणे.

एके दिवशी तिशीची एक बाई जिना उतरून आली. पोटुशी होती. हातात आश्रमाची चिठ्ठी, तीवर तारीख आणि खाटेचा नंबर. तिने तो नंबर वाचून दाखवला आणि मी ओळखलं, ही त्याच खाटेवरची मुलगी.

"काका, मला फक्त आईचं नाव हवंय. ती कुठली होती एवढं आश्रमात सांगितलं. तिथली लिपी मी शिकून घेतली, पण त्या लिपीत वाचायला माझ्याकडे काहीच नाही. पुढच्या महिन्यात माझं बाळ येईल. त्याला आजीचं नाव तरी सांगता यावं."

तीनदा आली बिचारी. तिन्ही वेळा त्या तारखेची यादी उघडताच पडदा काळा.

शेवटी इंजिनिअर बाई आली. माझ्या लेकीएवढी, तोंडाने फटकळ. "काका, तुमचा प्रोग्रॅम भलताच लाडावलाय. एक अक्षर म्हणजे एक घर, असं धरून चालतो. ह्या लिपीतल्या अक्षरांना जास्त घरं लागतात. जागा पुरली नाही की हा अंग टाकतो. मी दोन-दोन घरं देऊन बघते."

हेडक्लार्क दारातूनच म्हणाला, "एका ओळीपायी सगळं इस्पितळ खोळंबलंय. उडवा ती."

"उडवली तर परत मिळायची नाही, साहेब."

"इतक्या वर्षांत विचारलंय का कुणी?"

"बाहेर बाकावर बसलीय ना विचारणारी," मी म्हणालो. साहेबांपुढे मी पहिल्यांदाच बोललो असेन.

त्याने घड्याळ पाहिलं. "पाच वाजेपर्यंत. मग टिंब."

दुपार सरत गेली. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा पडत होता. एकदाच क्षणभर टिकला, तेव्हा नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसले. "अक्षरं आत आहेत, काका," ती हळूच म्हणाली, "पण त्यांना चेहरे नाहीत."

पाचला दहा मिनिटं उरली. तिने निःश्वास टाकला आणि ओळ पुसायच्या बटणावर बोट नेलं.

टण्... टण्... टण्.

मागच्या रॅककडून. तळघरात एरवी ओल्या कागदाचा वास असायचा. आता फिनेलचा आणि उकळलेल्या चादरींचा वास आला, वॉर्डातला...

"काका... काय वाजतंय ते?"

"कुणीतरी... बोलावतंय."

मी उठलो. रॅककडे गेलो. रॅकच्या मागे कुणी नव्हतं. लोखंडी दांड्यावर हात ठेवला तर तो कोमट लागला, नुकताच कुणी सोडल्यासारखा.

"आलो, बाई," मी म्हणालो. "या खेपेला चहा घेत बसलो नाही."

पुन्हा तीन टोले पडले. सावकाश, मोजून.

"तीन..." इंजिनिअर बाई पुटपुटली. "तीन! अहो, मी दोनच घरं देत बसले. एकेका अक्षराला तीन लागतात!" तिची बोटं भराभर चालू लागली. तिने त्या लिपीचा फाँट घातला, यादी उघडली. पडदा काळा झाला नाही. तिने न थांबता छपाईचं बटण दाबलं.

कागद बाहेर आला. शेवटच्या अक्षराचा तो गळ मी लगेच ओळखला.

मी मुलीला आत बोलावलं. तिने बोट फिरवत आईचं नाव वाचलं, दोनदा, मोठ्याने. मग बोट पुढच्या रकान्यावर गेलं.

"आणि हे कुणाचं?"

'बाळाचं नाव' या रकान्यात रेघ नव्हती. त्याच लिपीतली चार अक्षरं होती.

"इथे रेघ होती," इंजिनिअर बाई कागदावर वाकली. "मघाशी चौकोन दिसले तेव्हा मी स्वतः बघितली. मी काही घातलं नाही, काका... शप्पथ."

"तुझं आहे, पोरी," मी म्हणालो.

तिने ते ओठांतल्या ओठांत वाचलं. तिचे डोळे भरून आले आणि चेहऱ्यावर मात्र हसू उमटलं. कागद दोन्ही हातांनी छातीशी धरून ती वळली आणि जिना चढू लागली. तिच्या बोटांत अंगठी नव्हती, मी नीट पाहिलं होतं. तरी तिच्या प्रत्येक पायरीबरोबर शेजारचा लोखंडी कठडा वाजत होता, टण्... टण्... टण्... आणि ती मागे न पाहता वर निघून गेली.